दाबावं कुठे, टोचावं का?

पोर तीन वर्षांचं झालं. हाक मारली तरी वळत नाही, शब्द फुटत नाही, मोडक्या सायकलचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर अशा पोराच्या आईला सल्ल्यांची कमी नसते. कोणी भगताकडे न्यायला सांगतं, कोणी जीभ जड आहे म्हणतं, कोणी 'याचा बापही उशिराच बोलला होता' असा धीर देतं. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. कुठल्याशा व्हिडिओत एक गृहस्थ तळहाताच्या आणि तळपायाच्या ठरावीक जागा दाबून दाखवतात आणि थोड्याच दिवसांत मूल बोलू लागेल असं छातीठोक सांगतात. नोकरीनिमित्त शहरात गेलेला एखादा नातेवाईक नाशिकच्या किंवा ठाण्याच्या सुया टोचणाऱ्या डॉक्टरांचा नंबर पाठवतो.

दाब आणि सुई, म्हणजे ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर, नेमकं काय करतात, त्यांची पारख कशी झाली आणि या दोन तालुक्यांतल्या घराने त्यातलं काय घ्यावं, हे इथे जरा सावकाश पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो. सुईच्या मागे धावू नये. दाबाला घरात जागा द्यावी, पण ऑटिझमचा इलाज म्हणून नव्हे.

आधी ऑटिझमबद्दल. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा अंगात शिरलेला रोग नव्हे, मेंदूची घडणच वेगळी असते, आणि ती जन्माआधीपासून. आईने लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम होत नाही. ग्रहण पाळलं नाही म्हणून होत नाही आणि लस टोचली म्हणूनही होत नाही. ओळखायची खूण फार साधी आहे. वर्ष-सव्वा वर्षाचं पोर बकरी दिसली की बोट दाखवतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. तू पण बघितलीस ना, असा तो प्रश्न असतो. ऑटिझम असलेलं पोर बऱ्याचदा असं बोट दाखवत नाही. तहान लागली की आईचं मनगट धरून तिला हंड्यापाशी ओढत नेतं. तिच्या हाताशी त्याचं काम असतं, तिच्या डोळ्यांत मात्र ते बघत नाही.

दुसरी खूण इंद्रियांची, आणि आपल्या विषयाचा धागा तिथेच आहे. लग्नात बँड किंवा तारपा वाजायला लागला की असं पोर कान झाकून पळतं, पण गुडघा फुटला तरी रडत नाही. डोक्यावरून हलका हात फिरवला तर झटकतं आणि भाताच्या पोत्यांच्या फटीत मात्र स्वतःला घट्ट दाबून बसतं. स्पर्श त्याला नको असतो असं नाही. कुठला स्पर्श हवा आणि कुठला नको, याचं त्याचं गणित निराळं असतं.

आता सुईकडे. ही विद्या चीनची आणि दोन हजार वर्षांहून जुनी. तिच्या मते शरीरात 'ची' नावाची शक्ती 14 मुख्य वाहिन्यांतून खेळते. ती अडली की दुखणं येतं आणि वाहिन्यांवरच्या ठरावीक जागी टोचलं किंवा दाबलं की वाट मोकळी होते. या जागा किती आणि कुठे यावर वैद्यांमध्येही मतभेद होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाने 2008 साली प्रमाण यादी छापली, तीत 361 जागा आहेत. वाहिन्या मात्र शवविच्छेदनात कोणाला सापडलेल्या नाहीत. ती जुन्या वैद्यांची शरीर समजून घेण्याची रीत होती, एवढंच आज म्हणता येतं.

मराठी माणसाला ॲक्युपंक्चर म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि इथे थोडी गफलत होते. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी, ते तिथेच गेले. सुईची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. विजयकुमार बसूंनी, 1959च्या सुमारास. कोटणीसांचं नाव मात्र पुढे अनेक ॲक्युपंक्चर दवाखान्यांच्या पाट्यांवर चढलं.

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारने 2003 साली ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि 2019 साली स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर 2015 सालीच त्यासाठी वेगळा कायदा केला आणि पुढे व्यावसायिकांची नोंदणी करणारी परिषद नेमली. त्यामुळे सुया टोचणाऱ्याला 'तुमचा नोंदणी क्रमांक काय' असं विचारण्याचा हक्क पालकांना मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण टोचणारा माणूस कोण, एवढंच नोंदणीतून कळतं. टोचल्याने कुठल्या दुखण्याला गुण येतो, हे कायदा ठरवत नाही. दवाखान्यात लावलेल्या चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बघून हा फरक विसरायला होतं.

सुई टोचतात तेव्हा होतं काय? इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव असते, आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मोठ्या माणसाच्या अंगात ती वीस-तीस मिनिटं ठेवतात. लहान मुलांना बऱ्याचदा टोचून लगेच काढतात. ऑटिझमसाठी डोक्याच्या कातडीवरच्या जागांवर भर असतो. हाँगकाँगमध्ये तर जिभेवर टोचूनही पाहिलं आहे. काही ठिकाणी सुयांना बारीक वीजप्रवाह जोडतात. सुई शिरली की त्या भागातल्या मज्जातंतूंना निरोप जातो आणि मेंदू स्वतःची वेदनाशामक रसायनं, एंडॉर्फिन, सोडतो. हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी यांत काहींना आराम पडतो यात आश्चर्य नाही. पण दुखणं कमी करणं वेगळं आणि मेंदूच्या घडणीतून आलेली संवादाची अडचण दूर करणं वेगळं. पहिल्याच्या पुराव्यावर दुसरं विकलं जातं, तिथे सावध व्हायचं.

दाबाच्या जागा याच असतात, फक्त सुईऐवजी बोट. एक जागा शोधून बघा. तळहात वर करून मनगटावरची आडवी घडी पाहा. मूल असेल तर माप मुलाच्याच बोटांचं घ्यायचं. त्याची तीन बोटं त्या घडीपासून कोपराच्या दिशेने आडवी ठेवा. तिसरं बोट संपतं तिथे, मधल्या दोन शिरांच्या खोबणीत, अंगठा टेकवा. चिनी भाषेत या जागेला 'नेईग्वान' म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी या जागेवर भरपूर चाचण्या झाल्या आणि तिथे खरोखर उपयोग दिसला. यूट्यूबवर हीच जागा ऑटिझमसाठीही सांगतात, पण तसा पुरावा त्यांच्याकडे नाही.

पुरावा म्हणजे काय, हेही जरा उलगडून पाहू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. एखाद्या मुलाला तीन महिने सुया टोचल्या आणि ते दोन शब्द बोलायला लागलं. सुयांमुळे? मूल तीन महिन्यांनी मोठंही झालं आहे. त्याच काळात अंगणवाडीत जायला लागलं असेल, घरचे त्याच्याशी जास्त बोलायला लागले असतील. म्हणून संशोधक मुलांचे दोन गट करतात, चिठ्ठ्या टाकून. एका गटाला खरी सुई, दुसऱ्याला लुटुपुटीची. लुटुपुटीची सुई कशी करायची, हा पेच बरीच वर्षं सुटत नव्हता. 1998 साली जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर यांनी एक सुई तयार केली. तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती स्वतःच्याच मुठीत मागे सरकते. आत शिरल्यासारखी दिसते, टोकाचा स्पर्शही जाणवतो, पण कातडी भेदत नाही. त्यामुळे सुई खरी की खोटी हे रुग्णाला कळत नाही.

अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2011 साली ऑटिझम आणि ॲक्युपंक्चर यांचा आढावा घेतला. त्यात 10 चाचण्या होत्या आणि मिळून 390 मुलं, वय 3 ते 18. चाचण्या हाँगकाँग, चीन आणि इजिप्तमधल्या. खऱ्या सुईच्या आणि लुटुपुटीच्या सुईच्या गटांत ऑटिझमच्या मुख्य लक्षणांत फरक दिसला नाही. भाषा, आकलन अशा काही बाबतींत खऱ्या सुईकडे थोडं झुकतं माप होतं, पण चाचण्या लहान, मांडणी कच्ची, आणि कुठे गुण आला, कुठे नाही, यात मेळ नाही. आजच्या पुराव्यावर ऑटिझमसाठी ॲक्युपंक्चर सुचवता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या वर्षांत चीनमध्ये आणखी बऱ्याच चाचण्या झाल्या. त्यांची गोळाबेरीज करणाऱ्यांना काही फायदा दिसला, पण पुराव्याचा दर्जा हलका, हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे. ॲक्युप्रेशरवरच्या चाचण्या तर त्याहून थोड्या.

मग 'आमच्या पोराला फरक पडला' असं सांगणारे पालक खोटं बोलतात का? मुळीच नाही. अमेरिकेत 1998च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या आतड्यातल्या संप्रेरकाचा गाजावाजा झाला. ते टोचल्यावर ऑटिझम असलेलं एक मूल बोलू लागल्याची बातमी आली आणि हजारो पालकांनी रांगा लावल्या. 1999 साली रीतसर चाचणी झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सुमारे 30 टक्के मुलांत सुधारणा नोंदली गेली. म्हणजे मिठाच्या पाण्यानेही तितकीच मुलं 'सुधारली'. निकाल सांगितल्यावरही त्यातल्या बहुसंख्य पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. मला ही गोष्ट हसण्यासारखी वाटत नाही. आशेने बघणाऱ्या डोळ्यांना मुलाचा प्रत्येक नवा आवाज मोठा वाटतो, आणि वाटायलाही हवा. फक्त त्या आवाजाचं श्रेय कुणाच्या खिशात जातं, यावर लक्ष ठेवायचं.

इथे जव्हार-मोखाड्याचा हिशेब आडवा येतो. हाँगकाँगमधल्या जिभेवरच्या सुयांच्या एका चाचणीत 8 आठवड्यांत 40 बैठका होत्या. आठवड्याला पाच. खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून नाशिकला जायचं तर एसटीच्या वेळा, उतरल्यावर रिक्षा, आई-बापाची बुडालेली मजुरी आणि बँडच्या आवाजाला घाबरणारं पोर भरलेल्या गाडीत. जव्हारहून पालघर हे जिल्ह्याचं ठिकाणच सत्तर किलोमीटरच्या वर आहे. त्यातून भाताची झोडणी आटोपली, दिवाळी झाली की कितीतरी घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे सहा-सात महिने पत्ताच बदलतो. चाचणीत ज्याचा ठाम फायदा दिसलेला नाही, अशा उपचारासाठी हे सगळं पणाला लावा म्हणून मी तरी कोणाला सांगणार नाही. ज्यांना तरीही जायचं आहे त्यांनी नोंदणी बघावी, सुई समोर फोडलेल्या पाकिटातली आणि एकदाच वापरायची आहे ना हे बघावं, फिट येत असतील तर आधीच सांगावं आणि 'बाकी सगळी औषधं बंद करा' म्हणणाऱ्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत. आणखी एक. ॲक्युप्रेशरवाले कानावर बी किंवा मणी चिकटवून देतात. माती, खडू, काहीही तोंडात घालणाऱ्या पोराच्या कानावर असा मणी चिकटवणं म्हणजे घशात अडकायला आमंत्रण.

दाबाची गोष्ट मात्र इथे संपत नाही. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाई स्वतः ऑटिस्टिक आणि जनावरांच्या वर्तनाच्या मोठ्या अभ्यासक. ॲरिझोनात मावशीच्या गोठ्यावर त्यांनी पाहिलं की लस टोचताना गाईगुरांना दोन फळ्यांमध्ये हलकेच दाबून धरतात आणि बावरलेलं जनावर त्या दाबाने शांत होतं. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र केलं, आत शिरून दोरीने दाब स्वतःच कमीजास्त करता येईल असं. माणसाची मिठी त्यांना सोसत नसे, यंत्राची सोसे, कारण दाब किती हे त्यांच्या हातात होतं. मला तरी यात 361 जागांच्या नकाशापेक्षा जास्त अर्थ दिसतो.

शरीरात याचं कारणही आहे. हलका, अचानक झालेला स्पर्श कातडी धोक्याची सूचना म्हणून घेते, कारण किडा-मुंगीही तशीच चढते. सावकाश आणि घट्ट दाबाने मात्र अनेकांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास शांत होतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये डॉ. लुइझा सिल्वा यांनी चिनी पद्धतीच्या मालिशचा एक क्रम बसवला आणि तो पालकांनाच शिकवला. रोज रात्री पंधरा मिनिटं, आई किंवा बापाच्या हाताने. 2015 साली 103 लहान मुलांवरचा त्यांचा अभ्यास छापून आला. मालिश मिळालेल्या मुलांची स्पर्शाबद्दलची तक्रार कमी झाली, आई-बापाशी वागणं सुधारलं, असं त्यात नोंदलं आहे. पण ज्यांनी मालिश केली त्याच पालकांनी बरंचसं मोजमापही भरलं, त्यामुळे आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. तरी एक गोष्ट उरते. खर्च शून्य, प्रवास शून्य, आणि वीटभट्टीवरही करता येण्याजोगी.

आपल्याकडे तेल लावून पोर चोळणं काही परकं नाही. सुईण बाळंतिणीला आणि बाळाला चोळतेच. फरक एवढाच करायचा की पोर मोठं झालं म्हणून हात थांबवायचा नाही आणि हात त्याच्या कलाने चालवायचा.

वेळ ठरलेली असू दे. रात्री जेवण झाल्यावर, गडबड निवल्यावर, रोज तीच घोंगडी, तीच जागा. या पोरांना पुढे काय होणार हे ठाऊक असलं की निम्मी भीती जाते. आधी हात दाखवा. स्वतःच्या दंडावर दाबून दाखवा, मग त्याच्या. तोंड, डोकं, मान इथून सुरुवात नको, कारण तिथेच ती जास्त बिथरतात. पाठीपासून सुरू करा. दोन्ही तळवे खांद्याखाली ठेवून घट्ट दाबा, मनात पाचपर्यंत मोजा, सोडा, चार बोटं खाली सरका. मग दंड, मनगट, तळहात. मग मांड्या, पोटऱ्या, तळपाय. बोटाचं टोक रुतवायचं नाही, अंगठ्याचं पोट किंवा अख्खा तळवा वापरायचा. तेल खुरासणीचं चालेल, मोहाच्या बियांचं चालेल, नसलं तरी अडत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पहिल्या रात्री दोनच मिनिटं बसलं तर दोनच मिनिटं.

यात बघायचं काय, हे जागांपेक्षा महत्त्वाचं. श्वास लांब झाला, मुठी सैल पडल्या, पोराने स्वतःच तुमचा हात ओढून पाठीवर ठेवला, की बरं चाललं आहे. अंग ताठ केलं, बोटं चावायला लागलं, रडू आलं, की थांबायचं, 'थोडं सोस' म्हणायचं नाही. मध्ये कधी हात उचलून नुसतं थांबा. पोर वळून बघतं का, 'अजून' अशी खूण करतं का, याची वाट पाहा. बघितलं की लगेच, 'अजून? हे घे,' म्हणून दाबा. ही जी मागण्या-देण्याची देवाणघेवाण आहे, बोलणं तिच्यातूनच येतं, मनगटावरच्या खोबणीतून नव्हे.

ताप असताना, अंगावर फोड, खरूज किंवा जखम असताना, पायावर सूज असताना दाबायचं नाही. बाजारात मिळणारे टोकदार प्लास्टिकचे आणि लाकडी रूळ घ्यायचे नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. या भागात पोट फुगलं, आकडी आली, पोर खंगलं की तापवलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. ठरावीक जागी इजा केली की आतलं बिघडलेलं सुधारतं, हाच विचार तिच्याही मागे आहे. जागेवरचा भरवसा एकदा बसला की गुण आला नाही तर माणूस जोर वाढवतो. आधी अंगठा, मग रूळ, मग लोखंड. डाग दिलेलं पोर दुखण्याने गप्प पडतं आणि ते गप्प पडणं गुण म्हणून मोजलं जातं. भगत घरातला विश्वासाचा माणूस असेल तर त्याचा मान राखा, त्याला नारळ द्या, पण लोखंड पोराच्या अंगाला लागू देऊ नका.

आता जे दाबाच्याही आधी व्हायला हवं, ते. न बोलणारं प्रत्येक पोर ऑटिस्टिक नसतं. त्याला ऐकू येत नसेल. कान तपासल्याशिवाय कोणी ऑटिझमचा शिक्का मारला तर मानू नका. पाठीमागे थाळी वाजवली आणि वळलं, म्हणजे कान ठीक, असं नसतं. दणका कळतो, बोलण्यातली अक्षरं कळत नाहीत, असंही असतं. मोठ्या रुग्णालयांत यंत्रावर तपासणी होते, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. दुसरं कारण आपल्या तालुक्यांना फार चांगलं ठाऊक आहे. 1992 साली जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. तीव्र कुपोषित पोरही निरुत्साही असतं, खेळत नाही, नजर देत नाही, उशिरा बोलतं. त्याला आधी वजन आणि आहार हवा, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागेल. अंगात लोह कमी असलं तर पोर माती खातं, रात्री तळमळतं. लोहाची कमतरता भरून काढली तर काही वेळा झोपेचा त्रास आपोआप कमी होतो, आणि श्रेय मात्र तळपायाच्या दाबाला मिळतं.

हे तपासायला दारात माणूस येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. तपासायच्या दुखण्यांच्या यादीत ऑटिझमही आहे. गंमत अशी की या पथकातले डॉक्टर आयुषचे असतात, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले. म्हणजे पर्यायी पद्धतीचा माणूस सरकारनेच गाडीत बसवून पाड्यावर पाठवला आहे, आणि त्याचं काम सुया टोचण्याचं नाही, हेरून पुढे पाठवण्याचं आहे. चिठ्ठी मिळाली की मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, तिथून जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. ऑटिझम किती, हे भारतात 'इसा' नावाच्या 40 प्रश्नांच्या मोजपट्टीवर ठरतं. एकूण 70 च्या आत ऑटिझम नाही, 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. दाखला हातात आला की एसटीच्या तिकिटात सवलत मिळते आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. त्यात वाचा-उपचार धरले आहेत आणि पर्यायी उपचारांसाठीही वेगळी तरतूद आहे. म्हणजे सुई टोचायचीच असेल तर निदान खिशातून तरी नको.

'तज्ज्ञच नाहीत, मग दाखल्याचं करायचं काय?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या शेजारून, गोव्यातून आलं आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून 65 ऑटिस्टिक मुलांवर एक चाचणी झाली, 2016 साली ती छापून आली. तिथे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते. साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं. सहा महिन्यांत बारा भेटी. कार्यकर्ती आईच्या आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घ्यायची, तो आईसोबतच बघायची आणि दाखवायची, 'हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं होतं, तुम्ही चुलीकडे वळलात.' आईने पोराच्या कलाने बोलायचं, ते जे बघतं त्याबद्दल बोलायचं, घाई करायची नाही. आठ महिन्यांनी मोजलं तेव्हा या मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं, तेही चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत. सुयांच्या चाचण्यांपेक्षा हा पुरावा मला जास्त जवळचा वाटतो, कारण ज्या माणसांनी तो मिळवला ती आपल्या आशाताईंसारखीच होती. आशाताईंच्या प्रशिक्षणात असे बारा धडे घालायला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती इच्छा आणि त्या वाढीव कामाचा त्यांना मोबदला. जिल्हा परिषदेने यावर विचार करावा.

तोवर पालकांनी एक करावं. पोर बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही असं वाटलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता अंगणवाडीताईला सांगून पथकाच्या यादीत नाव घालून घ्या. हे दिवाळीच्या आत करा, कारण त्यानंतर तुम्ही भट्टीवर असाल आणि पथक पाड्यावर येईल. वजनाचं कार्ड, कानाच्या तपासणीचा कागद आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद पिशवीत घालून सोबत न्या. भिवंडी-वसईच्या सरकारी दवाखान्यातही ते दाखवता येतात.